ठकूबाईचं बी

तिसरा घास तोंडात गेला आणि मला आई आठवली, असं काही झालं नाही. आधी दात थांबले. जीभ टाळूला लागून राहिली. मी घास चावत नव्हतो, गिळत नव्हतो, नुसता तोंडात धरून समोर बघत होतो, आणि त्या जपानी हॉटेलच्या काचेपलीकडे अलिबागचा समुद्र भर दुपारी वितळलेल्या शिशासारखा पडून होता. मासा मी गिळला होता. तो नारिंगी, गार, कसलाच वास नसलेला तुकडा केव्हाच घशाखाली गेला होता. मागं भात राहिला होता. त्याला लावलेलं आंबट-गोड पाणी विरघळून गेलं आणि त्याच्या खालून जे वर आलं ते माझ्या ओळखीचं होतं. पेंढ्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला की आतून येतो तो कोंदट गोड वास. आणि दाणा दाताखाली फुटत नव्हता, उघडत होता. हे उघडणं मी जगात एकाच ठिकाणी अनुभवलं आहे. आहुप्याच्या अलीकडं आमची वाडी आहे, तिथं, आईच्या चुलीवर. आणि तिथं तो भात शिजायचा बंद होऊन पाच वर्षं झाली होती. बी मेलं म्हणून.

"दादा, आवडलं नाही का?" अमृत म्हणाला. माझा धाकटा भाऊ. चार माणसांत तो 'नाही' म्हणतो. आम्ही दोघंच असलो की 'न्हाई'. त्याची बायको आरती लाकडी काड्यांशी झटत होती आणि स्वतःलाच हसत होती. मी मान हलवली. होय किंवा नाही, दोन्ही होईल अशी. माझा धंदा नाकावर चालतो. कळंबला हायवेला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळलेला पंप घेऊन येतो आणि म्हणतो, भरतभाऊ, आपोआप बंद पडली राव, काय केलं न्हाई आमी. मी झाकण काढून वास घेतो. पाणी नसताना कोरडी चालवली असेल तर वास वेगळा, व्होल्टेज कमी असेल तर वेगळा. माणूस खोटं बोलतो, जळकी कॉईल बोलत नाही. वीस वर्षांत माझं नाक फार वेळा चुकलेलं नाही. म्हणून त्या घासाला मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. तरी म्हणत राहिलो. भातासारखा भात असतो. सगळ्या जगात लोक भात खातात. जपानात असंच एखादं बी असेल, आपल्यासारखं, आणि आपण खेडवळ माणसं, जिथं जाईल तिथं आपलंच घर हुंगत फिरतो. असं मी स्वतःला समजावत होतो आणि चौथा घास उचलत होतो.

आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला होता. रविवारी चल, समुद्रावर जेवायला जाऊ. मी म्हणालो, काय विशेष? तो म्हणाला, "काय न्हाई राव, भावाला जेवायला घालायला विशेष लागतं व्हय?" हे वाक्य मी दुकानात दोन जणांना सांगितलं. मे महिना, पंपांचा सीझन, दारात बारा मोटरी उघड्या पडलेल्या, आणि मी शटर ओढून नवा शर्ट घालून त्याच्या गाडीत बसलो. घाट उतरताना आरतीनं विचारलं, दादा, जपानी जेवण चालेल ना? मी म्हणालो, अगं, मी पंपाच्या तेलाच्या हातानं भाकरी खातो, मला काय होतंय. दोघं हसले. मला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते पण सांगतो, आई गेल्यापासून तीन वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला आपण आहोत म्हणून बोलावतं, कामासाठी नाही, असं वाटलं होतं.

आमचं टेबल कट्ट्याला लागून होतं. कट्ट्यामागं मणिपूरचा एक आचारी उभा होता, चाळिशीचा, शांत, बारीक डोळ्यांचा. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. तो वाडग्यात बोटं बुडवून तळवा ओला करी, भाताचा गोळा उचली, मुठीत धरी, दोन बोटांनी वरून एकदा दाबी, वळवून पुन्हा दाबी. मग त्यावर मासा. आई असंच करायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. लावणीच्या दिवसांत वावरात न्यायला ती गार भाताचे मुटके वळायची. तळवा मिठाच्या पाण्यात ओला करून तीनदा दाबायची, अंगठ्यानं मधे खळगा पाडायची आणि त्या खळग्यात घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या सुक्या बोंबलाचा भाजलेला तुकडा बसवायची. चिखलात उभ्या उभ्या, पाठीवर प्लॅस्टिक घेऊन, आम्ही दोघं भाऊ ते खायचो. अमृत बोंबील आधी खायचा आणि भात माझ्याकडं द्यायचा. दुसऱ्या कुठल्या भाताचे मुटके व्हायचे नाहीत, हातात फुटायचे. ह्या एकाच भाताचे व्हायचे. त्याला नाव नव्हतं. घरचा भात म्हणायचो. आईच्या आईकडून आलेलं बी, तिच्याकडं कुठून आलं कुणाला माहीत नाही. मी आचाऱ्याला विचारलं, "ये चावल जपान से आता है?" तो हसला. माझ्याकडं, मग अमृतकडं बघून पुन्हा हसला. म्हणाला, "ये तो आपके भाई का है. जापान वाले से अच्छा बैठता है हाथ में."

अमृत पाणी प्यायला लागला. पाणी पिणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही. आरती त्याच्याकडं बघत होती, मी त्याच्याकडं बघत होतो, आणि तो ग्लास खाली ठेवत नव्हता. टेबलावर सोया सॉसच्या बाटलीला टेकवून एक कार्ड उभं केलेलं होतं, बसल्यापासून होतं, मी ते बिलाचं किंवा वायफायचं समजलो होतो. मी ते उचललं. मला इंग्रजी मोटरींच्या पाट्यांपुरतं येतं, पण आपलं नाव कुठल्याही लिपीत ओळखू येतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ठकू. ते भाताचं नाव होतं. माझ्या आईचं नाव ठकूबाई. तिला नुसतं ठकू म्हणणारी एकच बाई होती, तिची आई, आणि ती मी जन्मायच्या आधी गेली. आमच्या बापानंसुद्धा तिला कधी ठकू म्हटलं नाही. खालची ओळ आरतीनं वाचून दाखवली, सह्याद्रीतल्या एका आईनं सात पिढ्यांचं बी जपलं, मुलानं ते जगापुढं आणलं. मुलानं. एकवचन मला समजतं. आणि मधे फोटो होता. पाठमोरी आई. उकिडवी बसलेली, हिरवं लुगडं, डोक्यावर खताची पांढरी पिशवी घडी करून घेतलेली. तिच्या समोर काळी जमीन. फोटोखाली बारीक अक्षरं. मी कार्ड पुन्हा आरतीपुढं धरलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय. तिनं वाचलं. "ती आपलं बी राखत बसली आहे."

तो फोटो मी ओळखला. म्हणजे फोटो पहिल्यांदा पाहत होतो, दिवस ओळखला. ती राखत बसली नव्हती. समोरची काळी जमीन म्हणजे आमचा राब. आमच्याकडं उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून जमिनीचा तुकडा भाजतात, त्यात भाताचं बी टाकतात, रोपं वर आली की उपटून खाचरात लावतात. पाच-सहा दिवसांत राबावर हिरवी लव दिसते. न दिसली तर आठव्या दिवशी माणूस काळजीत पडतो. फोटोतला दिवस बारावा होता. मी शहाण्या माणसांना विचारतो, त्या कार्डावरचा फोटो किती लोकांनी हातात घेतला असेल? मुंबईची, पुण्याची, शिकलेली माणसं. एकालाही दिसलं नाही की ती जमीन मोकळी आहे. तिच्यावर काहीच उगवलेलं नाही. म्हातारी बी राखत नाही, मेलेल्या राबाशी बसली आहे. तिच्यामागं उभा राहून कुणीतरी मोबाईल काढला होता. आईच्या पाठीमागं उभं राहून. मला त्या दिवशी वाटलं होतं की अमृत रेंज शोधतोय.

त्या आधीच्या हिवाळ्यात अमृतनं तिच्याकडं बी मागितलं होतं. शेतकी शिकलेला, मंचरला एका कंपनीत लागलेला, शर्ट खोचून वाडीवर आला. म्हणाला, आई, आपला भात संपत चाललाय, कंपनीच्या प्लॉटवर नीट वाढवतो, जूनच्या आधी दुप्पट करून आणून देतो. जूनच्या आधी तो आला, पण पिशवी अर्धीच होती. म्हणाला, प्लॉटवर उगवलंच न्हाई आई, बी कमजोर पडलं असंल, हे उरलेलं. आईनं ते उरलेलं राबात टाकलं. पाचवा दिवस गेला, आठवा गेला. शेजारची सरूबाई येऊन सांगून गेली, माझी रोपं जास्तीची हायत ठकूबाय, न्या तुमी. आई उठली नाही. वाडीत बोलणं सुरू झालं, ठकूबाईचं बी मेलं. आमच्याकडं ह्या वाक्याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्याला सांगून समजणार नाही. धान्याच्या कणगीला ओल लागू दिली, राख कमी घातली, निरगुडीचा पाला बदलला नाही, बाईच्या हातून गेलं. बी मरण्यात पुरुषाचा हात कुणी बघत नाही. बाराव्या दिवशी मी कळंबहून गेलो. दोन मोटरी सोडून, एसटीत उभा राहून गेलो होतो, डोकं तापलेलं होतं. ती बसलेली, अमृत तिच्यामागं, सरूबाई बांधावर. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "किती वर्सं सांगतोय इंद्रायणी लाव. म्हातारी झालीस, कणगीला ओल लागली तुला कळली न्हाई. बी तू मारलंस." तिनं राबातली चिमूटभर माती उचलून बघितली, परत ठेवली. त्यानंतर ती दोन वर्षं जगली आणि त्या दोन वर्षांत तिनं भाताचा घास तोंडात घातला नाही. कुठल्याच भाताचा. नाचणीची भाकरी खायची. मी विचारलं तर म्हणायची, भात पचत न्हाई रं आता.

मी उठून बाहेरच्या बेसिनकडं गेलो. अमृत मागून आला. तिथं एक शोभेचं बांबूचं बेट होतं, त्यामागं वाळू, आणि वाळूत उंटावर बसून कुणी फोटो काढत होतं. आम्ही दोघंच होतो, म्हणून तो आमच्या भाषेत आला.

"दादा, मी सांगणार व्हतो."

"प्लॉटवर उगवलं व्हतं ना रं?"

"हळू बोल."

"उगवलं व्हतं का न्हाई?"

"व्हतं. लई चांगलं उगवलं."

"मग आईला दिलंस ते?"

तो नळ सोडून हात धुवायला लागला. हात स्वच्छच होते. "जुनं बी व्हतं. गोदामातलं. दिसायला तसंच."

"पेरायच्या आधी तुला म्हाईत व्हतं."

"दादा, हे एकाकडंच असलं तरच ह्याला कोण विचारतंय. गावभर झालं तर बाजारातला भात झाला. आईला कुणीबी मागितलं की ती सूप पुढं करायची. तिच्याकडं राहिलं असतं तर दोन सालात साऱ्या डोंगरात गेलं असतं."

"मागितलं की देत व्हती म्हणून तर तुला मिळालं."

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "मला वाटलं एक पावसाळा वाईट वाटंल, मग इसरंल. तूच म्हणत व्हतास ना इंद्रायणी लाव? तुझं चाललं असतं तर बी तसंबी गेलंच असतं. मी ते वाचवलं. आज हाय ते माझ्यामुळं हाय."

मला राग आला असं मी म्हणेन तर ते पुरेसं नाही. राग मला रोज येतो. हे काहीतरी थंड होतं, त्या माशासारखं, वास नसलेलं, आणि ते घशाखाली जात नव्हतं. कारण तो म्हणत होता त्यात खरं होतं. बी होतं. जिवंत होतं. मी आत्ताच खाल्लं होतं. मी म्हणालो, ती मेली तेव्हाही तिला वाटत व्हतं की तिनं मारलं. तुला एकदा सांगता आलं न्हाई? कानात सांगायचं व्हतंस. अमृतनं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं.

"तिला बोललं कोण, दादा? मी एक शबुद बोललो न्हाई. मी तर म्हणत व्हतो, जाऊ दे आई. तू बोललास. साऱ्या वाडीसमोर."

उंटवाला ओरडून पुढच्या गिऱ्हाईकाला बोलवत होता. मी बेसिनच्या कडेला हात धरून उभा होतो. माझ्या हातात तेलाच्या काळ्या रेघा कायमच्या आहेत, साबणानं जात नाहीत, त्या मी बघत होतो. त्यानं बरोबर जागी हात घातला होता. घरचा माणूसच तिथं हात घालू शकतो. मग त्याचा आवाज मऊ झाला. म्हणाला, "राब भाजलाय ना यंदा?" मी म्हणालो, भाजलाय. वाडीवरची जमीन मी अजून कसतो, शनिवार-रविवार, आईच्या खाचरांत इंद्रायणी लावतो. "पाच किलो बी देतो. हेच. पुढच्या आठवड्यात आणून देतो, आईशप्पथ. तू लाव. कुणाला देऊ नको फक्त. आणि आत हॉटेलच्या मालकीणबाई आल्यात, त्यांना आईबद्दल दोन शबुद हवेत. मोबाईलवर. मी बोललो तर धंदेवाला बोलतोय वाटतं. तू घरचा वाटतोस."

म्हणजे हे होतं. भावाला जेवायला घालायला विशेष लागत नाही.

मालकीण दिल्लीकडची, पन्नाशीची, अनवाणी, पांढऱ्या सैल कपड्यांतली. चांगली बाई वाटली, खोटं सांगत नाही. तिनं मला हात जोडून नमस्कार केला, खुर्ची उजेडाकडं वळवली, कॉलरला छोटा माईक लावला. तो दोनदा सुटला, मला वाटतं तिलाच संकोच वाटत होता. म्हणाली, "भैया, अपनी भाषा में बोलिए. मुझे समझ में नहीं आएगी, पर सच्ची वही लगती है." अमृत तिच्यामागं उभा होता. आरती टेबलाशी. मी मोबाईलच्या काळ्या ठिपक्याकडं बघितलं आणि बोलायला लागलो. दोन शब्द बोलायचे ठरवून बसलो होतो. आई कष्टाळू होती, माया करायची, असे. पण तोंड उघडलं आणि वाडीची भाषाच बाहेर आली.

मी म्हणालो, आमची आई बी मोजून देत नव्हती. मागंल त्याला सूप भरून द्यायची. पण कणगीचा तळ तिनं कधी पुसला न्हाई. आमच्याकडं रीत हाय, कितीबी दिलं तरी तळाला मूठभर ठेवायचं, कारण घेणाऱ्याचं काय व्हईल आपल्याला म्हाईत नसतं. हा अमृत बी मागायला आला त्या सालात कापणीच्या पावसानं भात झोपला व्हता, कणगीत दोन पायली बी राहिलं व्हतं. तिनं कणगी तिरकी केली. आतनं हात फिरवला. झाडून दाना न् दाना ह्याच्या पिशवीत टाकला. मी तिथंच व्हतो. मी म्हटलं, आई, तळाला ठेव. ती मला म्हणाली, पोटच्या पोराला देताना तळ कसला राखायचा? आणि ह्या पोटच्या पोरानं तिला मेलेलं बी आणून दिलं. त्याला म्हाईत व्हतं ते मेलेलं हाय. ती बारा दिवस त्या राबाशी बसली तवा ह्यानं तिचा फोटू काढला. आणि मी, थोरल्यानं, तिला म्हणालो, तू मारलंस. ती तेच समजून गेली. तिनं काय मारलं नव्हतं. तुमी जो भात खाताय तो जिता हाय, तिच्या हातचा हाय, आणि ती बिचारी नाचणी खात मेली.

माझा आवाज शेवटी फुटला. आरती उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडं पाठ करून. तिला हे माहीत नव्हतं, एवढं मला तिच्या मानेवरून कळलं. मणिपूरचा आचारी हात पुसत थांबला होता. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ते पुसलं नाही. हलक्या आवाजात तिनं अमृतला विचारलं, "क्या बोले?" अमृतनं मोबाईलकडं बघितलं. मला वाटलं, आता तो काही बोलू शकणार नाही. आता त्याच्या तोंडून खोटं निघणार नाही, कारण मी बसलोय समोर. आणि खरंच निघालं नाही. तो म्हणाला, "कह रहे हैं कि माँ ने सब दे दिया. अपने लिए एक दाना भी नहीं रखा."

ती माझ्याकडं वळली. मोबाईल अजून चालू होता. "सच में, भैया?"

मला हिंदी येते. तांब्याची तार विकणारे मारवाडी, पंपांचे डीलर, उत्तर प्रदेशचे फिटर, माझा अर्धा दिवस हिंदीत जातो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, फार लांब नव्हतं, सात-आठ शब्दांचं. ती ऐकून घेणारी बाई होती. अमृत माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता, लहानपणी मार खाण्याआधी बघायचा तसा. आणि त्या वेळी माझ्या डोक्यात आई होती असं म्हणायला मला आवडलं असतं. ती नव्हती. भाजून तयार असलेला राब होता, पाच किलोची पिशवी होती, आणि पुढचा आठवडा होता.

मी म्हणालो, "हां जी. सब दे दिया."

तिनं मान हलवली, पुढं येऊन माझ्या कॉलरचा माईक जपून काढला आणि अमृतला म्हणाली, "बाकी रहने देते हैं, लंबा है. बस ये आख़िर वाला रखेंगे. हां वाला."